अनाथांची माउली

सह्याद्रीच्या माथ्यावर गंगामूळ नावाचे दाट अरण्य आहे. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित होते. त्या काळी स्त्रियांना संस्कृत शिकविणे लोकांना मुळीच मान्य नव्हते; पण शास्त्रीबुवांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांना ती विद्या दिली. पुढे लक्ष्मीबाई पहाटेच छोट्या रमेला जागे करीत व तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. बाराव्या वर्षापर्यंत रमेला भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत झाले.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने या कुटुंबावर घाला घातला. आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई बंधूसह पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या अर्पण केल्या. आईवडिलांनी दिलेले धन कोणत्याही दुष्काळाला हिरावून घेता आले नाही.

१८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. पण दोन वर्षांतच पती निवर्तले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. तिला घेऊन त्या पुण्यास आल्या व १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सोलापूर, बार्शी, पंढरपूर येथेही त्याच्या शाखा निघाल्या. मुलींना शिकविणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, असे त्या गावोगाव सांगत.

पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मूल ही देवाने सोपविलेली ठेव आहे व तिचा हिशेब आईबापांना द्यावा लागेल, ही त्या धर्माची शिकवण त्यांना मनोमन पटली. म्हणूनच मनोरमेच्या धर्मशिक्षणाचा निर्णय तेथील धर्मभगिनी घेऊ लागल्या, तेव्हा रमाबाईंनी नम्रपणे पण ठामपणे विरोध केला. ज्यांच्या आश्रयाला आपण आहोत त्यांना दुखविणे सोपे नव्हते. तरीही आईचा अधिकार त्यांनी सोडला नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदासदन' काढले. पुढे ते पुण्यास आले. तेथे काही मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या. आपल्या मुलींचा धर्म जाईल या भीतीने १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुलींना परत नेले. जो अधिकार रमाबाईंनी स्वतःसाठी मागितला होता, तोच आता हे पालक मागत होते. रमाबाईंना फार दुःख झाले. पण मुलींना प्रार्थनेपासून हाकलून देणे त्यांच्या मनाला पटले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अन्नावाचून तडफडणारी मुले पाहून रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या व पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांना ठेवले. तेथेच 'मुक्तिसदन' उभे राहिले. पुढील काही वर्षांत तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुली शेती, विणकाम व छपाई शिकत. अंध मुलींना बोटांनी वाचण्याची लिपी शिकवीत. मनोरमाही उच्च शिक्षण घेऊन आईच्या कामाला लागली. सोलापूरच्या पुढे, गुलबर्गा येथे मुलींची शाळा चालविण्यातही तिचा मोठा वाटा होता.

खेड्यातील अल्पशिक्षित बायकांनाही समजावे म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. हा आघात पचवून त्यांनी भाषांतर तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आईने पहाटे लावलेला ज्ञानाचा दिवा रमाबाईंनी एका मुलीसाठीच जपून ठेवला नाही. ज्यांना आईच उरली नव्हती, त्या शेकडो मुलींच्या हाती तो दिला.