नायगमवाला सरांची हिरवी रेषा

मागच्या डिसेंबरमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलची लाईट गेली आणि आम्ही सगळे शाली गुंडाळून टेरेसवर जाऊन बसलो. नाशिकची थंडी तुम्हाला काही वेगळी सांगायला नको! पण अंधारामुळे आकाश मात्र मस्त दिसत होतं. समोर मृग नक्षत्र. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला ओरायन म्हणायचे, मृग हे नाव मला आजीकडून कळलं.) हरणाच्या पायांचे चार तारे, मध्ये व्याधाने मारलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि बाणाच्या जरा खाली एक धुरकट ठिपका.

हा ठिपका म्हणजे सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर असलेला तेजोमेघ. त्याच्या पोटात नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा गुच्छ आहे. गुच्छाच्या मध्यावर चार तारे दाटीवाटीने बसलेत, त्यातला सगळ्यात तेजस्वी थीटा वन ओरायनिस सी. आपला सूर्य 5,800 केल्विनचा, हा जवळजवळ 39,000 चा. सूर्याचं वय 460 कोटी वर्षं, याचं फार तर दहा-वीस लाख. म्हणजे ताऱ्यांमधला फर्स्ट इयरवालाच, आणि तेवढाच तापट.

या ठिपक्याकडे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यातून एक प्रोफेसर रोखून बघत होते. तेही इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या कॉलेजमधून! कावसजी दादाभाई नायगमवाला त्यांचं नाव. जन्म 1857 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून एम.ए. झाले, मेडल मिळवलं आणि तिथेच फिजिक्स शिकवायला लागले. 1882 मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेज बघायला आले आणि त्यांनी 5,000 रुपये देणगी दिली. सरकारने तेवढेच पैसे वर घातले. कॉलेजला आलेला पाहुणा भाषण ठोकून जातो हेच आपण बघतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्या पैशातून आधी स्पेक्ट्रोस्कोपची लॅब करायचा विचार होता, मग वेधशाळाच करायचं ठरलं. नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये आले. 1888 मध्ये तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची दुर्बीण आली. पुढे तिला 20 इंची आरसा बसला. भारतात त्या काळात एवढी मोठी दुर्बीण दुसरीकडे नव्हती.

आता मुख्य गोष्ट. मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला की एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कुठल्या मूलद्रव्याची, यावरून तेव्हा इंग्लंडमध्ये मोठं भांडण चालू होतं. एका बाजूला नॉर्मन लॉकियर. 'नेचर' साप्ताहिक सुरू करणारे, हीलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलंय ते. त्यांचं मत असं की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचा थवा आणि ती रेषा मॅग्नेशियमची. पण मॅग्नेशियमची ती खूण म्हणजे साधी रेषा नसते. तो पट्टा असतो, एका कडेला ठळक आणि दुसरीकडे पुसट होत गेलेला. म्हणजे प्रश्न सोपा होता : रेषेची कड पुसट आहे की नाही?

नायगमवालांनी पुण्यातून तेच तपासलं. स्पेक्ट्रोस्कोपची फट लहान-मोठी करून पाहिली, पण रेषा दरवेळी दोन्हीकडून धारदारच. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात 1891 मध्ये त्यांनी हे छापलं. विचार करा, आपलं रीडिंग पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही तर आपण काय करतो? रीडिंग बदलतो! (जर्नलवर सही तर पाहिजे ना.) यांनी जे दिसलं तेच लिहिलं. आणि समोर कोण, तर लॉकियर.

22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून गेली. पुण्या-मुंबईत तेव्हा प्लेगचे दिवस. लॉकियर विजयदुर्गला उतरले होते. नायगमवालांनी सोलापूरकडच्या जेऊरला तंबू ठोकले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच होती. जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रासात त्यांनी सूर्याच्या कडेचे वर्णपट घेतले. त्याचा रिपोर्ट 1902 मध्ये निघाला.

1912 मध्ये सर रिटायर झाले आणि वेधशाळा बंदच झाली. सामान खोक्यांत भरून कोडाईकनालला गेलं. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. चोवीस वर्षांत दुसरा माणूस तयार झाला नाही, की कुणाला करायचाच नव्हता?

हिरव्या रेषेचं कोडं 1927 मध्ये अमेरिकेत आयरा बोवेन यांनी सोडवलं. ती रेषा मॅग्नेशियमची नव्हतीच, ऑक्सिजनची निघाली. त्या तापट ताऱ्याच्या अतिनील किरणांनी आसपासच्या ऑक्सिजनच्या अणूंमधून दोन-दोन इलेक्ट्रॉन उडवलेले असतात. वायू इतका विरळ की असे अणू पृथ्वीवरच्या लॅबमध्ये कधी सोडत नाहीत तो प्रकाश तिथे निवांत सोडतात. पुण्याच्या दुर्बिणीत दिसलेला तो हिरवा उजेड मुख्यतः त्या एका ताऱ्याच्या जिवावर होता. तेव्हा नायगमवाला सत्तरीचे होते. 1938 मध्ये ते वारले.

आमची लाईट त्या रात्री पावणेदोनला आली. तोपर्यंत मृग डोक्यावर आला होता.