मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या
मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१५ सप्टेंबर १८६१ – १४ एप्रिल १९६२) हे ख्यातनाम भारतीय स्थापत्य अभियंते होते. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली. पुढे त्याच इलाख्यातील सिंध प्रांतात, सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी गाळाने गढूळ होते. ते गाळण्यासाठी टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीपात्रातच विहीर खोदवली. पात्रातील वाळूतून पाणी झिरपताना गाळ वाळूतच अडकून राहिला व विहिरीत स्वच्छ पाणी साठले. तेच पंपाने उंचावरील टाकीत चढवून शहराला पुरविण्यात आले. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला.