विश्लेषण : पासपोर्टच्या फोटोत हसू का नको, कान का हवेत? नियमांमागचा माणूस आल्फोन्स बर्तियों कोण होता?

नांदेड असो की लातूर, पासपोर्ट किंवा व्हिसाचा अर्ज भरायला बसलेल्या कुटुंबाची गाडी अनेकदा फोटोपाशी अडते. कागदपत्रे जुळलेली असतात, शुल्क भरायची तयारी असते. पण फोटोत मागे सावली पडलेली असते, चष्म्यावर प्रकाश चमकलेला असतो किंवा चेहरा किंचित तिरका असतो. मग पुन्हा फोटो, पुन्हा फेरी. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याला यात गेलेले चार-आठ दिवस महागात पडू शकतात. सरळ बघा, हसू नका, मागे पांढरा पडदा, प्रकाश सारखा, हे नियम फोटो स्टुडिओवाल्याच्या मनातले नाहीत. ओळखीचा फोटो एकाच साच्यात काढायचा, ही कल्पना सुमारे १४० वर्षांपूर्वी पॅरिसच्या पोलीस मुख्यालयातील एका कनिष्ठ कारकुनाने रुजवली. त्याचे नाव आल्फोन्स बर्तियों.

बर्तियों कोण होते?

आल्फोन्स बर्तियों यांचा जन्म एप्रिल १८५३ मध्ये पॅरिसमध्ये झाला. घर विद्वानांचे होते. वडील लुई-आदोल्फ हे डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ. आजोबा (आईचे वडील) आशिल गियार यांनी लोकसंख्येच्या अभ्यासाला ‘डेमोग्राफी’ हे नाव दिले. थोरले भाऊ झाक यांनी मृत्यूच्या कारणांची जी वर्गवारी तयार केली, तिच्यातूनच आज जगभरची रुग्णालये वापरतात ती आजारांची आंतरराष्ट्रीय यादी पुढे आकाराला आली.

अशा घरात आल्फोन्स मात्र मागे पडलेला मुलगा होता. शाळेतून काढून टाकले गेले, नोकरी टिकली नाही. काही काळ ब्रिटनमध्ये फ्रेंच शिकवून पोट भरले, मग सैन्यातील सक्तीची सेवा झाली. अखेर १८७९ मध्ये वडिलांच्या ओळखीने पॅरिस पोलिसांत नक्कल-कारकुनाची नोकरी मिळाली. काम एकच : पकडलेल्या आरोपींच्या वर्णनाच्या चिठ्ठ्या उतरवून काढायच्या.

अडचण नेमकी काय होती?

त्या चिठ्ठ्यांचा उपयोग जवळजवळ शून्य होता. उंची मध्यम, चेहरा साधारण, नाक साधारण, असे वर्णन हजारो माणसांना लागू पडते. फ्रान्सने १८३२ मध्ये गुन्हेगारांच्या अंगावर डाग देण्याची पद्धत बंद केली होती. त्यामुळे जुना गुन्हेगार नवे नाव सांगून पहिल्यांदाच पकडला गेल्याचे सोंग सहज आणू शके आणि हलक्या शिक्षेवर सुटे.

पोलिसांकडे हजारो फोटोही होते. पण कोणी बाजूने पाहतोय, कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणी तोंड वेडेवाकडे केलेले, कोणाचा फोटो जवळून, कोणाचा लांबून. शिवाय फोटो नावाप्रमाणे लावलेले. ज्याने नावच खोटे सांगितले, त्याचा फोटो शोधायचा कसा?

बर्तियों यांनी काय सुचवले?

घरात लहानपणापासून कवट्या, मोजपट्ट्या आणि आकड्यांचे तक्ते पाहिलेल्या बर्तियों यांनी माणूस मोजायचे ठरवले. प्रौढ माणसाची हाडे वाढत नाहीत. डोक्याची लांबी-रुंदी, डाव्या हाताचे मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासून बोटांपर्यंतची लांबी, उजवा कान अशी ११ मापे घेतली, तर ती सगळी दोन माणसांत तंतोतंत जुळण्याची शक्यता सुमारे ४२ लाखांत एक, असा त्यांचा हिशेब होता. मापांनुसार कार्डे कप्प्यांत लावली, की नाव माहीत नसतानाही माणूस सापडेल.

पोलीसप्रमुख लुई आंद्रिये यांनी ही सूचना उडवून लावली. १८८१ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या झाँ कामकास यांनी १८८२च्या अखेरीस तीन महिन्यांची मुदत दिली. मुदत संपत आली असताना, फेब्रुवारी १८८३ मध्ये, द्युपाँ असे नाव सांगणाऱ्या एका माणसाची मापे जुन्या कार्डाशी जुळली. तो प्रत्यक्षात मार्तँ नावाचा आधी पकडला गेलेला चोर निघाला. त्या वर्षभरात असे ४९ जण ओळखले गेले, पुढच्या वर्षी २४१. ज्या कारकुनाला कोणी विचारत नव्हते, तो १८८८ मध्ये ओळख विभागाचा प्रमुख झाला.

मग फोटोचा संबंध कुठे आला?

मापाने कार्ड सापडायचे. पण समोरचा माणूस तोच, याची खात्री फोटोने करायची होती. त्यासाठी दोन फोटोंची तुलना करता आली पाहिजे आणि दोन्ही फोटो सारख्याच पद्धतीने काढलेले असतील तरच तुलना शक्य आहे. हा मुद्दा बर्तियों यांनी पक्का पकडला. १८९० मध्ये त्यांनी पोलिसी छायाचित्रणावर पुस्तकच लिहिले.

त्यांनी खास खुर्ची बनवून घेतली. तिच्यावर बसलेला माणूस पुढे-मागे सरकू शकत नसे. कॅमेऱ्याचे अंतर कायम, प्रकाशाची दिशा कायम आणि चेहऱ्याचे प्रमाण कायम : प्रत्यक्षाच्या एक सप्तमांश. प्रत्येकाचे दोन फोटो, एक समोरून आणि एक उजव्या बाजूने. टोपी नाही, हावभाव नाही, केस कानावर नाहीत. कानावर त्यांचा विशेष भर होता. कानाच्या वळ्या माणसागणिक वेगळ्या असतात आणि त्या सहसा बदलत नाहीत.

स्टुडिओतला फोटोग्राफर माणूस चांगला दिसावा म्हणून झटतो, बर्तियों यांना माणूस ओळखू यावा एवढेच हवे होते. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचा फोटो यांच्यातला फरक आजही हाच आहे.

जगाने ही पद्धत कशी स्वीकारली?

१८९२ मध्ये पॅरिसमध्ये बॉम्बस्फोट घडवणारा रावाशोल मापांवरून ओळखला गेला आणि बर्तियों यांचे नाव युरोपभर पोहोचले. अनेक देशांच्या पोलिसांनी ‘बर्तियोनाज’ सुरू केले. शेरलॉक होम्सच्या ‘द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्येही त्यांचा उल्लेख आहे.

भारतात बंगाल पोलिसांनीही आधी हीच मापे घेतली. पण एकाच माणसाची मापे दोन शिपाई घेतात तेव्हा ती थोडी वेगळी येतात, ही अडचण लवकरच दिसली. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांची वर्गवारी बसवली आणि १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. तिथून ती पद्धत १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डला गेली. पासपोर्ट केंद्रात आज फोटोबरोबर बोटांचे ठसे घेतात, त्यातला फोटोचा साचा पॅरिसचा आणि ठशांची वर्गवारी कोलकात्याची आहे.

त्यांची सर्वात मोठी चूक कोणती?

१८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकारी आल्फ्रेड द्रेफ्युस यांच्यावर जर्मनीला गुपिते विकल्याचा आरोप झाला. पुरावा होता हाताने लिहिलेला एक कागद. बर्तियों हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हते, तरी त्यांचे मत घेतले गेले. कागदावरचे अक्षर द्रेफ्युस यांच्या अक्षराशी नीट जुळत नव्हते. तेव्हा बर्तियों यांनी अजब तर्क लढवला : द्रेफ्युस यांनी संशय टाळण्यासाठी स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली. म्हणजे अक्षर जुळले तरी दोषी, न जुळले तरी दोषी.

द्रेफ्युस यांना जन्मठेप झाली आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल्स आयलंडवर पाठवले गेले. कागद खरे तर एस्तेरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याने लिहिला होता. १८९९च्या फेरखटल्यातही बर्तियों यांनी तोच तर्क मांडला. १९०४ मध्ये आंरी प्वाँकारे यांच्यासह तीन नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांचे गणित तपासून ते निराधार ठरवले आणि १९०६ मध्ये द्रेफ्युस निर्दोष ठरले. तोवर बारा वर्षे गेली होती. चेहरा ओळखण्याच्या कामात मोजपट्टीबाहेर एक शब्द न बोलणाऱ्या माणसाने हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र आधी निष्कर्ष काढला आणि नंतर त्याला पुरावा जोडला. त्याची किंमत एका निरपराध माणसाने मोजली.

शेवटची वर्षे कशी गेली?

बोटांचे ठसे आपल्या मापांपेक्षा सरस आहेत, हे बर्तियों यांनी मनापासून कधी मान्य केले नाही. गंमत अशी, की १९०२ मध्ये पॅरिसमधील एका खुनाचा आरोपी शेफर याला काचेवरच्या ठशांवरून शोधून काढले ते त्यांनीच. युरोपात केवळ ठशांच्या आधारे खुनी सापडल्याच्या पहिल्या घटनांपैकी ती एक मानली जाते.

१९११ मध्ये लूव्र संग्रहालयातून ‘मोनालिसा’ चोरीला गेली. चोराच्या अंगठ्याचा ठसा मिळाला आणि चोर पेरुज्या याचे कार्डही पोलिसांकडे आधीपासून होते. पण ठसा डाव्या अंगठ्याचा होता आणि कार्डांची मांडणी उजव्या हाताची. दोन वर्षांनी पेरुज्या इटलीत पकडला गेला, तो चित्र विकायला गेला म्हणून. १३ फेब्रुवारी १९१४ रोजी बर्तियों यांचे निधन झाले. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

पासपोर्टवर फोटो कधी आला?

बर्तियों गेले आणि सहाच महिन्यांत पहिले महायुद्ध पेटले. तोपर्यंत अनेक देशांच्या पासपोर्टवर फोटो नसे. कपाळ, नाक, हनुवटी यांचे शब्दांत वर्णन असे, म्हणजे पॅरिसच्या त्याच निरुपयोगी चिठ्ठ्या. कार्ल लोडी हा जर्मन हेर एका अमेरिकी माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये फिरला. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याला लंडनमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर अमेरिका आणि ब्रिटनने फोटो सक्तीचा केला. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत पासपोर्टच्या पुस्तिकेचा समान नमुना ठरला आणि त्याच वर्षी भारतात पासपोर्टचा कायदा झाला.

सुरुवातीला टोपी घातलेला, कुटुंबासोबतचा फोटोही चालून जाई. नियम हळूहळू आवळत गेले. चेहरा माणसाऐवजी संगणक तपासू लागला तेव्हा हसूही गेले, कारण हसताना गाल, ओठ आणि डोळ्यांचा आकार बदलतो. आज आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दस्तावेज क्रमांक ९३०३ जगभरच्या पासपोर्टला लागू आहे.

नांदेड-लातूरच्या अर्जदारांनी काय लक्षात ठेवावे?

- भारतीय पासपोर्टसाठी पोस्टातील पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथेच काढला जातो. मागे पांढरा पडदा असतो, म्हणून पांढरा शर्ट किंवा फिकट साडी टाळा.

- चार वर्षांखालील मुलाचा फोटो मात्र घरून न्यावा लागतो : साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढता येतो, फक्त धरणाऱ्याचा हात त्यात येऊ देऊ नका.

- व्हिसाचा फोटो देशागणिक बदलतो. अमेरिकेला दोन बाय दोन इंच लागतो, चष्मा २०१६ पासून चालत नाही आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. युरोपातील शेंगेन देशांना ३५ बाय ४५ मिलिमीटर. स्टुडिओत नुसते ‘पासपोर्ट साइज’ न म्हणता देशाचे नाव सांगा.

- पगडी, दस्तार किंवा हिजाब धर्माचरणाचा भाग असेल तर चालतो. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसावा आणि त्यावर सावली नसावी. सचखंड हुजूर साहिबच्या नांदेडमध्ये आणि हज-उमराला निघणाऱ्या घरांत हा प्रश्न नेहमी विचारला जातो.

- मोबाइलवर सेल्फी नको. हाताच्या अंतरावरून नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दुसऱ्या कोणाला तरी सुमारे दीड मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायला सांगा. बर्तियों यांनी खुर्ची आणि कॅमेऱ्याचे अंतर पक्के केले ते याच कारणाने.

- भिंतीपासून अर्धा मीटर पुढे उभे राहा, म्हणजे मागे सावली पडत नाही. तोंड खिडकीकडे करा, पाठ नको.

- ब्युटी मोड आणि फिल्टर बंद ठेवा. त्वचा गुळगुळीत करून, तीळ किंवा व्रण पुसून दिलेला फोटो नाकारला जाऊ शकतो. स्टुडिओवाल्यालाही तसे आधीच सांगा.

लातूरला नीटच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांना यातले बरेच आधीच पाठ असते. त्या अर्जातही पांढरी पार्श्वभूमी आणि दोन्ही कान दिसणारा चेहरा मागतात. पॅरिसमध्ये सराईत चोरांसाठी बनलेला साचा आज प्रामाणिक प्रवाशाच्या आणि परीक्षार्थीच्याही कामी येतो. विमानतळावरचा अधिकारी किंवा यंत्र तुम्हाला कधी भेटलेले नसते. त्याच्यासमोर तुमच्या वतीने बोलायला एवढा एकच चेहरा असतो, म्हणून तो सुंदर नसला तरी चालेल, तुमचा हवा.