पद्मिनीच्या बॉनेटखालचा सोलापूरकर

मे महिन्यातली दुपार. हिंगोलीहून नरसी नामदेवला निघालो होतो आणि गाव थोडं अलीकडे असताना मामांची पद्मिनी एकदम गपगार झाली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण चालू व्हायचं नाव नाही. मामा मात्र निवांत. त्यांनी बॉनेट उघडलं, बाटलीतल्या पाण्यात दस्ती भिजवली, इंजिनाला बसवलेल्या छोट्या पेट्रोल पंपावर ती गुंडाळली आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी गाडी पहिल्याच सेल्फमध्ये चालू!

नरसी म्हणजे संत नामदेवांचं गाव. कयाधू नदीकाठी. परतवारीच्या एकादशीला इथे पाय ठेवायला जागा नसते, पंजाबातून शीख भाविकही येतात. मामांच्या पद्मिनीने आमच्या घरातल्या किती पाहुण्यांना या गर्दीतून हिंगोली स्टेशनवर सोडलंय, त्याचा हिशेब नाही. आता मात्र भंगारवाल्याने भाव सांगितलाय आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. विकायची की ठेवायची?

माझं मत विचारलं गेलं नव्हतं. तरी मी या गाडीची माहिती काढायला बसलो आणि पोचलो एका अशा माणसापर्यंत, ज्याचं नाव आपण दरवर्षी ॲडमिशनच्या सीझनमध्ये घेतो. सांगलीच्या 'वालचंद'चा कटऑफ किती लागला, हे आपल्याला पाठ असतं. पण वालचंद कोण?

पोरगं धंद्यात रमेना

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. कुटुंब जैन, मूळ गुजरातचं. कापसाचा व्यापार आणि सावकारी चांगली चाललेली. आई त्यांच्या जन्मानंतर लवकरच गेली. शिक्षणासाठी मुंबई-पुण्याची कॉलेजं झाली, पण गादीवर बसून व्याज मोजण्यात वालचंद यांचं मन लागेना.

लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेत नोकरी केलेले गृहस्थ त्यांना भेटले. 1903 च्या सुमारास दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या तुकड्याचं कंत्राट घेतलं. वालचंद तेव्हा विशीत होते, म्हणजे साधारण आपल्याच वयाचे. इथून पुढे कामं वाढत गेली. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, मोठाले पूल, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

आधी जहाज, मग विमान

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताच्या समुद्रावर इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांना सोबत घेतलं, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडचं 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतलं आणि सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच 5 एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. विदेशी कंपन्यांनी भाडी पाडून या नव्या कंपनीला बुडवायचा प्रयत्न केला, पण ती टिकली.

मधल्या काळात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि नाशिक जिल्ह्यात रावळगाव इथे साखर कारखाने उभे राहिले. 1940 मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळुरूला विमानांचा कारखाना निघाला. आजचं एचएएल ते हेच. 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचं काम सुरू झालं आणि तिथे बांधलेलं 'जल उषा' 1948 मध्ये पाण्यात उतरलं. दोन्ही कारखाने पुढे सरकारकडे गेले.

राहिली मोटार. आणि तिथेच गाडी अडली.

जोडणं वेगळं, बनवणं वेगळं

भारतात मोटारी जोडल्या जात नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत हेच करत होती. पण इंजिनापासून नटबोल्टपर्यंत सगळं पेटाऱ्यांतून यायचं. इथे फक्त जुळवाजुळव. आपण घरी फर्निचर मागवून स्क्रू पिळतो, तसं काहीसं.

वालचंद यांना इंजिन इथे ओतायचं होतं, इथे घासायचं होतं. सर विश्वेश्वरय्याही या योजनेच्या मागे उभे होते. अमेरिकेत फोर्ड आणि क्रायस्लरशी बोलणी झाली, क्रायस्लर तयारही झाली. पण युद्ध सुरू होतं आणि मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा नाही असं म्हणून इंग्रज सरकारने पाठिंबा दिला नाही. काही वर्षं अशीच गेली. शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ अशा अमेरिकन गाड्या. सुरुवात इथेही जोडणीनेच झाली, पण ठरलं होतं ते एकेक भाग इथे बनवत जायचं. पुढे फियाटशी करार झाला.

1949 मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला, वर्षभरात ते कामातून बाजूला झाले आणि 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला गेले. वय 70. त्याच सुमारास सरकारने मोटार कंपन्यांना स्पष्ट केलं, की इथे गाडी बनवायची तयारी असेल तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. 1954 पासून तिथे फियाट 1100 तयार होऊ लागली, 1964 ला नवं मॉडेल आलं आणि 1974 मध्ये त्याचंच नाव झालं प्रीमियर पद्मिनी. वालचंद यांनी ती कधी पाहिलीच नाही.

या इंजिनात आहे तरी काय?

चार सिलिंडर, 1089 सीसी. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची चाल 75 मिलिमीटर. ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर. आजच्या मिडसाइज सेडानचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन 110-120 च्या घरात असतं, म्हणजे तिप्पट. पद्मिनीत ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. पेट्रोल-हवेचं मिश्रण कार्बोरेटर करतो, ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ठरवतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. चार गिअर, बस्स.

त्यामुळे तिची दुखणीही डोळ्यांना दिसतात. आमच्या वाटेतल्या प्रसंगाचं कारण असं: पंप इंजिनाला चिकटून बसलेला, बाहेर बेचाळीस डिग्री. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढायची सवय, वाफ त्याला नीट ढकलता येत नाही. ओलं फडकं टाकलं की वाफेचं परत पेट्रोल होतं. मामांना यातलं फिजिक्स कुणी शिकवलं नव्हतं.

पण याच साधेपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. लायसन्स-परमिटच्या काळात गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. स्पर्धा नाही, मग सुधारणा कशाला? 1964 चं इंजिन जवळपास तसंच पुढची तीसेक वर्षं विकलं गेलं. 1983 मध्ये मारुती आली आणि खेळ बदलला. नवं शतक उजाडता उजाडता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. जो माणूस आयुष्यभर पुढच्या कारखान्याचा विचार करत राहिला, त्याच्या कंपनीची गाडी एका जागी थांबली, हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

आणखी एक गंमत. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते बऱ्याच प्रमाणात उसापासून येतं. म्हणजे ज्या साखरधंद्यात वालचंद उतरले, त्याच धंद्यातला माल आता पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्या खराब करतोय!

मामांच्या गाडीचं काय झालं? आरसी रिन्यू करायची का, यावर अजून चर्चा चालू आहे. मी मात्र गेल्या रविवारी पहिल्यांदा पॉइंट घासले. हात काळे झाले, गाडी चालू झाली. माझं मत आता कुणी विचारलं, तर तयार आहे.

घरात पद्मिनी असेल तर...

• उन्हात बंद पडली, थंड झाल्यावर चालू होते: पेट्रोल पंप आणि नळी गरम झाली. ओलं फडकं टाका. सारखं होत असेल तर नळी इंजिनापासून लांब घ्या.

• इंजिन मिसिंग करतं, ओढ नाही: आधी प्लग आणि पॉइंट बघा. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा, जास्त झाले असतील तर बदला.

• पेट्रोलचा वास, काळा धूर: चोक ओढलेला राहिलाय का बघा. नसेल तर कार्बोरेटरमधला फ्लोट किंवा जेट साफ करून घ्या.

• काटा लालकडे जातो: गाडी लगेच बाजूला घ्या. फॅन बेल्ट, पाणी, रेडिएटर तपासा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजेल. तसंच चालवत राहिलात तर हेड गॅस्केट गेलंच समजा.

• ऑइलवर दुधासारखा फेस: पाणी ऑइलमध्ये शिरतंय. चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

• रबरी पेट्रोल नळ्या: भेगा पडल्या की बदला. गळकी नळी आणि गरम इंजिन म्हणजे आगीला आमंत्रण.