पंडिता रमाबाई व रोगी स्त्रीची अब्रू

विधवांची कैवारी म्हणून पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या मंडळ्यांतून नेहमी घेतले जाते; परंतु रोग्यांच्या हक्कांसाठी त्या बोलल्या, ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. यास्तव त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. दुष्काळात आईबाप व बहीण गेली, मागाहून भाऊ गेला, आणि 1882 साली पटकीने पतीही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा. अशा स्थितीत त्याच वर्षी पुण्यास त्यांनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली. परपुरुषापुढे दुखणे उघड करण्याच्या लाजेने कितीएक स्त्रिया प्राणास मुकतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे, असे त्यांनी मागितले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून 1883 साली त्या विलायतेस गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग खुंटला. तेथेच त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे 1897 साली पुण्यात प्लेग आला. नव्या कायद्याच्या बळावर गोरे शिपाई घरांत शिरू लागले, बायकांची तपासणी चारचौघांत होऊ लागली, आणि धास्तावलेले लोक आपले रोगी लपवू लागले. साथ थोपविणे सरकारचे कर्तव्यच होते, हे आम्हांस मान्य आहे. पण रोगी म्हणजे गुन्हेगार नव्हे. रमाबाईंनी त्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून, प्लेगच्या इस्पितळात तरुण स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, असे नाव घालून जाहीर केले. ज्या सरकारच्या राज्यात आपले आश्रम चालवावयाचे, त्याच सरकारवर हा ठपका! गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी तो नाकारला. विलायतेत प्लेगच्या जुलमाविषयी बोललेल्या गोखल्यांना तर पुरावा न मिळाल्यामुळे परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली.

आज काळ पालटला आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, आणि 2021 साली महाराष्ट्राच्या शुश्रूषागृहांच्या नियमांतही अशी सनद आली. पुरुष डॉक्टर स्त्रीस तपासीत असता जवळ दुसरी स्त्री असावी, रोग्यास त्याचा आजार व उपचार समजावून सांगावा, त्याची गोष्ट गुप्त राखावी, हे आता हक्क आहेत. परंतु सोनगीरहून धुळ्यास नेलेल्या बाईला हे कोण सांगणार? भिंतीवरचा फलक तिला वाचता येईलच असे नाही. तिच्या खाटेशी उभी असते ती परिचारिका, किंवा वैद्यकीचा विद्यार्थी. आमच्या मंडळ्यांतील ज्या मुली परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी नाडी पाहण्याइतकेच हेही शिकून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. शिक्षकांनीही हा विषय परीक्षेपुरता ठेवू नये.

प्लेगच्या त्या दिवसांत रमाबाईंनी दुष्काळातील मुलींना केडगावी नेले. तेथे मुक्ती मिशन वाढले, आणि तेथेच 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूघरी गेल्या. मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.