वालचंद आणि परकी भागीदारी

आषाढी-कार्तिकीला आगगाडीने येणारा वारकरी पूर्वी कुर्डुवाडीस उतरून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरील गाडीत बसत असे. पंढरपुरापर्यंत हा मार्ग १९०६ साली पोहोचला. कंपनी विलायती, आराखडे विलायती, इंजिनेही विलायती. श्रम आणि मातीचे भराव तेवढे इकडचे. याच कंपनीच्या वाढीव मार्गाचे एक लहानसे काम शतकाच्या आरंभी सोलापूरच्या एका विशीतल्या तरुणाने पत्करले होते. परक्याच्या रुळांखाली माती टाकून ज्याने उद्योगाचा श्रीगणेशा केला, त्याच वालचंद हिराचंदांनी पुढे हिंदी मालकीचा मोटार कारखाना उभारण्यासाठी थेट अमेरिका गाठली. या दोन घटनांमधील चार दशकांचा प्रवास म्हणजे वस्तुतः भागीदारीच्या अटी शिकत जाण्याचा प्रवास होय.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजरातेतून येऊन स्थायिक झालेल्या दोशी या जैन व्यापारी घराण्यात झाला. मुंबईचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते घरी परतले. पण पेढीच्या व्यवहारात त्यांचे मन रमेना. रेल्वेच्या कंत्राटात त्यांना जोडीदार मिळाले ते लक्ष्मणराव बळवंत फाटक. हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे कारकून. कामाची माहिती फाटकांची आणि भांडवल वालचंदांचे, अशी ही ‘फाटक-वालचंद’ भागीदारी होती. तीत एकावाचून दुसऱ्याचे अडत होते, आणि म्हणूनच ती बरोबरीची होती. असा योग वालचंदांच्या वाट्याला पुन्हा क्वचितच आला.

बरोबरी नसली म्हणजे काय होते, याचा धडा त्यांना समुद्राने दिला. १९१९ साली नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर इतके उतरवले की नवी कंपनी मोडकळीस यावी. अखेर १९२३ साली सिंदियाला त्यांच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला आणि आपल्या बोटींचा वावर किनाऱ्यापुरता आखून घ्यावा लागला. देशात या करारावर कडक टीका झाली व ती अनाठायी नव्हती. तथापि कंपनी जगली, हेही तितकेच खरे. दुबळ्याने बलिष्ठाशी केलेल्या कराराने जीव वाचतो, पण वाढ खुंटते, हे वालचंदांनी त्या दहा वर्षांत जवळून पाहिले. दरम्यान बांधकामाचा व्याप फोफावत होता. नीरेकाठच्या कळंबच्या माळावर ऊस उभा राहिला, साखर कारखाना निघाला आणि गावाचे वालचंदनगर झाले.

मोटारीची कल्पना मूळची सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्यांची. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी तपशीलवार योजना आखली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतात १९३७ साली आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाची सहानुभूती होती. परंतु ते १९३९ मध्ये पायउतार झाले. त्या काळी देशात मोटारी बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना चालविला होता. पेट्यांतून सुटे भाग यावेत, हिंदी कामगाराने ते एकत्र बसवावेत आणि नफा परत समुद्रापार जावा, अशी ती व्यवस्था. ती मोडावयाची तर ज्ञान बाहेरून आणणे भाग होते. इंजिनाचा ठोकळा ओतणे किंवा गिअरचे दाते अचूक कापणे ही विद्या केवळ देशाभिमानाने येत नाही, याचे पक्के भान वालचंदांना होते.

म्हणून १९३९ साली ते अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणे झाले. पण साम्राज्यातील बाजारपेठेचे हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते आणि तेथे घोडे अडले. जनरल मोटर्सचा येथे स्वतःचाच कारखाना असल्याने नव्या प्रतिस्पर्ध्यास शिकवून शहाणे करण्यात तिचा लाभ नव्हता. उरली क्रायस्लर. तिच्याशी १९४० साली करार झाला : तांत्रिक साहाय्य अमेरिकन, मालकी हिंदी. सिंदियाच्या करारात जे गमावले होते, ते येथे राखले गेले. एवढे होऊनही दिल्लीच्या सरकारने युद्धकार्यात या उद्योगाला स्थान नाही असे ठरवून आवश्यक त्या सवलती नाकारल्या. गंमत अशी की, त्याच वर्षी डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साहाय्याने आणि विल्यम पॉली या अमेरिकनाच्या मदतीने वालचंदांनी बंगलोरला विमानाचा कारखाना काढला, तो मात्र चालू दिला गेला. मोटारीची गरज नाही, विमानाची आहे! पुढे १९४२ मध्ये तो कारखानाही सरकारने आपल्याकडे घेतला.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी १९४४ साली झाली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ या भारदस्त गाड्या. पण मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरच्या. शिवाय आरंभी काम होते ते जोडणीचेच, म्हणजे शिवडीत चालत असे तेच. यावर टीका करणे सोपे आहे. परंतु सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने ज्या देशात जवळजवळ नव्हतेच, तेथे पहिल्या दिवसापासून सबंध गाडी बनविण्याची अपेक्षा रास्त म्हणता येणार नाही. १९५० नंतर इटलीच्या फियाटशी करार होऊन लहान गाडीचा मार्ग मोकळा झाला.

त्या वेळी वालचंद अंथरुणास खिळले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरविले की, ज्यांच्याकडे भाग देशात बनविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच येथे राहावे. जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. वालचंदांचा आग्रह सरकारी नियम होऊन आला, पण तो पाहण्यास ते नव्हते.

त्यांच्या पश्चात काय झाले, हे मात्र अभिमानाने सांगण्यासारखे नाही. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी मालमोटारींसाठी करार केला. १९६९ मध्ये तो संपला, तेव्हा टाटांचे लोक स्वतःच्या पायावर उभे होते. प्रीमियरने फियाट ११०० जवळजवळ तशीच चालू ठेवली. परवाना संपल्यावर नाव बदलून ती ‘पद्मिनी’ झाली. गाडी फारशी बदलली नाही. स्पर्धा नव्हती, ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा होता, मग नवे शिकण्याची निकड कोणाला? १९८२ मध्ये सरकारी मालकीच्या मारुतीने जपानच्या सुझुकीला केवळ २६ टक्के भाग देऊन करार केला, तेव्हा ही निकड एकाएकी भासू लागली. नव्वदीच्या दशकात प्रीमियरने प्यूजो आणि फियाट अशा दोघांचे हात धरले. पण तेव्हा देण्यासारखे तिच्याजवळ थोडेच उरले होते. कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या हाती गेला आणि पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावत राहिली. अशा शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.