माळरानावरचा कारखाना

सीएसआर हा शब्द तुमच्या कानावर आला असेलच. 2013च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. मग लगेच वाद सुरू : धंद्यानं धंदा करावा, समाजसेवा कशाला? या वादात उतरण्याआधी एका माणसाला भेटा. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म 1869चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं, काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. करिअर सुरू होण्याआधीच संपलं! तुम्ही काय केलं असतं? त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग शिकून घेतलं आणि आज आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो, तिथं शिकवू लागले. पुढं हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. यांनी सरळ नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथं भावाबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. त्यात बेळगावची जागा नगरपालिकेमुळं सोडावी लागली. अशा वेळी औंधचे राजे मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपये, तेही बिनव्याजी.

1910. जमीन म्हणजे नुसता ओसाड माळ. निवडुंग आणि साप. आलेले कामगार जेमतेम पंचवीस आणि त्यांची कुटुंबं. लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर घरंही उभारली, गाव वसवलं. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतलं; कुठल्या? रात्रीच्या पहाऱ्याच्या! ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर अख्खी वाडी झोपायची.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, यात परोपकार कसला? माळरानावर घर दिलं नसतं तर कामगार टिकला असता का? अगदी खरं. घरं ही धंद्याचीही गरज होती. पण अस्पृश्यता मोडल्यानं एकही नांगर जास्त खपणार नव्हता. उलट गिऱ्हाईक बिथरण्याचीच भीती. तुरुंगातून सुटलेल्यांना पहारा दिल्यानं लोखंड स्वस्त मिळणार नव्हतं. घरं बांधण्याचा हिशेब नफ्यात बसतो. या दोन गोष्टी बसत नाहीत. आणि त्या करायला लावणारा कुठलाच कायदा तेव्हा नव्हता.

लक्ष्मणराव 1956 साली गेले. कारखाना नुसता टिकलाच नाही, तर वाढला. म्हणजे माणुसकीनं धंदा बुडतोच, असं काही नाही.

तर दोस्तांनो, उद्या कंपनी कॉलेजात येईल. पॅकेज विचारा, जरूर विचारा. सीएसआरचे फोटोही बघा. पण एक प्रश्न आणखी ठेवा : तुमच्या गेटवर पहारा करणाऱ्या माणसाला तुम्ही कसं वागवता?